जेवायला सोबत कोण?

मारेगावहून यवतमाळकडे जाणारी एसटी करंजीला थांबली, तेव्हा माझ्या शेजारचा मुलगा चहा प्यायला उतरला नाही. त्याच्या मांडीवर पत्र्याची पेटी होती. पेटी वर ठेव, असं कंडक्टरने दोनदा सांगितलं होतं. त्याने ऐकलं नव्हतं.

तो आमच्याच तालुक्यातल्या एका पोडावरचा. यवतमाळ जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पोड म्हणजे कोलामांची वस्ती. मुख्य गावापासून थोडी बाजूला, बहुतेक वेळा जंगलाच्या कडेला. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित ठरवल्या आहेत, त्यांत कातकरी आणि माडिया गोंडांसोबत कोलाम आहेत. त्यांच्या घरात कोलामी बोलली जाते. ती गोंडी-तेलुगूच्या, म्हणजे द्राविडी कुळातली भाषा. मराठी ही त्यांच्या मुलांना शाळेत गेल्यावर नीट भेटते, आणि तीही वऱ्हाडी.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, तो पहिल्या. शहर एक, वसतिगृहही एकच. स्टँडवर त्याचे वडील मला एवढंच म्हणाले होते, "भाऊ, याच्यावर ध्यान ठेवजा." मी हो म्हणालो होतो.

दिवाळीच्या आधीच तो परत गेला. प्रवेश झाला होता, शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर होता, खोलीत पलंग होता, हजेरीपटावर नाव होतं. कागदोपत्री काहीच कमी नव्हतं. सोडून जाण्याचं कारण त्याने 'घरगुती अडचण' असं लिहून दिलं. खरं कारण मेसमध्ये होतं आणि मला ते रोज दोन वेळा दिसत होतं. सुरुवातीला त्याच्या बोलण्यावर हसू झालं. मग कोणीतरी विचारलं, "हे लोक काय काय खातात रे?" त्यानंतर त्याच्या टेबलावरच्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. त्याला कोणी शिवी दिली नाही, मारलं नाही. तक्रार करावी असं काही घडलंच नाही. तो एकटा जेवायचा, ताट धुवायचा आणि जायचा.

मी दोन टेबलं सोडून बसायचो. त्याच्यासोबत बसलो, तर माझ्याही टेबलाचं तेच होईल, ही भीती मला होती. माझं वऱ्हाडी मी नुकतंच कुठे घासून-पुसून काढलं होतं. शहराचं आणि वसतिगृहाचं नाव सांगत नाही. त्या इमारतीत मीही होतो.

पुढे इतिहासात एमए करताना मला शिक्षणाच्या इतिहासात वेगळंच काही दिसायला लागलं. आपल्याला शाळा-कॉलेजं कोणी काढली, कायदे कोणी केले, आरक्षण कधी आलं हे शिकवलं जातं. पण ज्यांना या प्रश्नाचं मूळ कळलं होतं, ती माणसं वर्गाइतकीच, कधी वर्गाच्याही आधी, दुसऱ्याच गोष्टीच्या मागे लागलेली दिसतात. शिकायला आलेल्या पोराने झोपायचं कुठे? आणि जेवायचं कोणासोबत?

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण एका प्रौढ माणसाचं आहे. १९१३ साली डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात ते नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत राहिले. ती मैत्री आयुष्यभर टिकली. १९१७ साली ते करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीला आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी लोकांच्या एका पथिकाश्रमात ते पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. संध्याकाळपर्यंत खोली सोडावी लागली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून झालं, दोघांनीही टाळलं. मग ते कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. संस्थानाने नोकरी दिली होती. गावाने पलंग दिला नाही.

कोल्हापुरात हाच प्रश्न त्याआधीच शाहू महाराजांपुढे आला होता. सर्व जातींच्या मुलांसाठी म्हणून एक वसतिगृह त्यांच्या राज्यात सुरू झालं होतं. दार सगळ्यांना उघडं होतं, पण चालवणारे आणि राहणारे यांच्यात हळूहळू ब्राह्मणच उरले. नियमात कुठेही 'इतरांनी येऊ नये' असं लिहिलेलं नव्हतं. तसं लिहावंही लागत नाही, हे मी मेसमध्ये पाहिलं होतं.

मग शाहूंनी जो मार्ग काढला, तो आजच्या वाचकाला खटकतो. मलाही खटकला होता. त्यांनी जातवार वसतिगृहांना बळ दिलं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच काळात जैनांचं, मग मुसलमानांचं, लिंगायतांचं, असं करत कोल्हापूर हे बोर्डिंगांचं शहर झालं. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल आलं. तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं नाव त्याला दिलं होतं. मधल्या काळात, २६ जुलै १९०२ला, संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा प्रसिद्ध हुकूमही निघाला. तो हुकूम प्रत्येक स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात असतो. बोर्डिंगं मात्र एका ओळीत उरकली जातात. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं होतं. राखीव जागेवर बसायला पदवीधर लागतो, आणि खेड्यातलं पोर पदवीपर्यंत पोचायचं तर त्याला आधी कोल्हापुरात चार-पाच वर्षं काढता यायला हवीत.

जातीच्या नावाची बोर्डिंगं म्हणजे जात पक्की करणं, असं मी एकदा सेमिनारमध्ये जोरात बोललो होतो. आज तसं बोलणार नाही. घर सोडून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला पहिल्या रात्री आपल्यासारखं बोलणारा एक माणूस लागतो. त्याच्या भाकरीकडे कोणी वळून बघणार नाही अशी एक जागा लागते. कोल्हापूरच्या बोर्डिंगांनी ती दिली. त्याची किंमतही होती. त्यातली काही नावं आणि काही भिंती शंभर वर्षांनंतरही तशाच आहेत.

ती किंमत एका विद्यार्थ्याने तिथल्या तिथे मोजली. भाऊराव पाटील हा कुंभोजचा मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होता. मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर आंघोळ करून मगच आत यावं, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. त्याच्या चरित्रांमध्ये हा प्रसंग हमखास येतो. पुढे १९१९ साली याच माणसाने रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली. १९२७ साली गांधीजी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं.

साताऱ्याचं वसतिगृह टिकलं आणि कोल्हापूरचं पहिलं सर्वांसाठीचं वसतिगृह का टिकलं नाही, याचा मी बराच विचार केला. दोन्हीकडे दार सगळ्यांना उघडं होतं. फरक मला स्वयंपाकघरात दिसतो. साताऱ्यात मुलं स्वतः राबायची, स्वयंपाकाला हात लावायची आणि एका पंगतीत जेवायची. ज्याने भाकरी थापली, त्याच्या हातची खायची की नाही हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर यायचा आणि भूक तो सोडवायची. शिवाय घरात एक बाई होत्या. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांसाठी एकेक दागिना विकला, शेवटी मंगळसूत्रही. 'सर्वांना प्रवेश' ही पाटी आणि ते घर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या वऱ्हाडातही हे घडलं, आणि आम्हालाच ते फार माहीत नसतं. पंजाबराव देशमुख हे पापळचे. ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्मविचारावर डॉक्टरेट करून ते अमरावतीला परतले. १९२७ साली तिथे अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली, त्यात ते पुढे होते. त्याच सुमाराला त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं. डिसेंबर १९२६मध्ये ज्यांची हत्या झाली, त्या स्वामी श्रद्धानंदांच्या नावाने. तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. शिवाजी शिक्षण संस्था नंतरची, १९३२ची. आज विदर्भात त्या संस्थेची कॉलेजं सगळ्यांना दिसतात. छात्रालय आधीचं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मारेगावच्या कॉलेजात शिकणाऱ्याच्या गुणपत्रिकेवर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचं नाव असतं. १९८३पर्यंत आमचा जिल्हा नागपूर विद्यापीठात होता. त्या वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठ वेगळं झालं आणि नंतर त्याला गाडगेबाबांचं नाव मिळालं. बाबांबद्दल आपल्याला खराटा आणि कीर्तन ठाऊक असतं. त्यांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या, हेही ठाऊक असतं. यात्रेला आलेल्या गरिबाने रात्री पाठ कुठे टेकायची, हा त्यांचा प्रश्न होता. पंढरपुरात त्यांनी अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ साली ती इमारत त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. स्वतः शाळेत न गेलेला परीट समाजातला एक माणूस आपली धर्मशाळा मुलांच्या शिक्षणासाठी देतो, आणि त्याचंच नाव पुढे विद्यापीठाला मिळतं. आमच्या गुणपत्रिकेवरच्या त्या नावाचा मला अभिमान वाटतो. त्या नावाखाली शिकणाऱ्या किती पोरांना ही गोष्ट सांगितली जाते, हा प्रश्न वेगळा.

पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ची. १९४६ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५०च्या जूनमध्ये औरंगाबादला कॉलेज, ज्याचं नाव पुढे मिलिंद झालं. १ सप्टेंबर १९५१ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्या परिसराला नागसेनवन म्हणतात. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तरं देणारा भिक्खू नागसेन यांच्यावरून ही दोन्ही नावं आली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली झालं, म्हणजे हे कॉलेज विद्यापीठापेक्षा जुनं.

नागसेनवनात मला कोल्हापूर आणि सातारा यांच्या पुढची पायरी दिसते. कोल्हापुरात तुम्हाला तुमची खोली मिळाली. साताऱ्यात तुम्हाला सगळ्यांच्या पंगतीत ताट मिळालं. इथे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्यांच्या मुलांना सगळं आवारच आपलं होतं, आणि बाकीच्यांनाही तिथे शिकायला-शिकवायला यायला मोकळीक होती. म. भि. चिटणीस तिथे प्राचार्य होते. त्यांनी लिहिलेलं 'युगयात्रा' हे नाटक मिलिंदच्या रंगमंचावर आलं. तिथेच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' काढलं आणि दलित साहित्याच्या दोन-तीन पिढ्या त्यात लिहित्या झाल्या. पाहुणा म्हणून राहणारा माणूस सहसा नियतकालिक काढत नाही.

आवाराच्या भिंतीबाहेर मात्र हे चाललं नाही. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळली, माणसं मेली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं, आणि तेही 'मराठवाडा' शब्द कायम ठेवून. ठरावाच्या वेळी मुख्यमंत्री शरद पवार होते आणि सोळा वर्षांनी नाव लागलं तेव्हाही तेच होते. मधल्या काळात जोगेंद्र कवाडेंचा नागपूरहून निघालेला लाँग मार्च झाला, १९९३मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. नावात काय आहे, असं विचारणाऱ्यांनी ही सोळा वर्षं एकदा वाचावीत. विद्यापीठ कोणाचं, हा भांडणाचा मुद्दा होता. कमानीवरचं नाव हे त्याचं उत्तर होतं.

मिलिंदमध्ये शिकलेला अमरावती जिल्ह्यातला एक विद्यार्थी म्हणजे सुखदेव थोरात. महिमापूर हे त्यांचं गाव. ते अर्थशास्त्रज्ञ झाले, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना कशी वागणूक मिळते, हे तपासणाऱ्या समितीचे ते प्रमुख होते. २००७ साली त्यांचा अहवाल आला. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेत हे विद्यार्थी त्रासाला कंटाळून ठरावीक वसतिगृहांच्या ठरावीक मजल्यांवर एकवटत गेले होते. मेसमध्ये, खेळाच्या मैदानावर वेगळे पडत होते.

कोल्हापूरचं बोर्डिंग आणि एम्सचा तो मजला वरवर सारखे दिसतात. दोन्हीकडे एका समाजाची मुलं एकत्र राहतात. पण बोर्डिंगमधून मुलगा सकाळी शहरात जात होता, आणि त्या मजल्यावर तो शहरातून परत हटत होता. माझ्या मेसमधला तो मुलगा एकटाच होता, त्यामुळे त्याला मजलाही मिळाला नाही.

१७ जानेवारी २०१६ला हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाने आत्महत्या केली. त्याआधी त्याला आणि त्याच्या चार मित्रांना कोणती शिक्षा झाली होती, ते बघा. वर्गात बसायची परवानगी होती, वसतिगृहातून हाकललं होतं. ते आवारातच उघड्यावर तंबू टाकून झोपत होते. बडोद्याची बाग आणि हा तंबू यांच्यात जवळपास शंभर वर्षं आहेत. २०१९ साली रोहितची आई राधिका आणि मुंबईत जीव गमावलेल्या डॉ. पायल तडवीची आई आबेदा या दोघींनी मिळून कॅम्पसवरच्या भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली.

आमच्याकडे प्रश्न याहून साधा असतो, त्यामुळे त्याची बातमी होत नाही. २०१८ साली सरकारने शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांमधली मेस बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकायचं ठरवलं. कंत्राटदाराच्या जेवणाबद्दल तक्रारी होत्याच. ज्याला जे हवं ते त्याने खावं, हा विचार ऐकायला चांगला होता. जुलैमध्ये पुण्याहून आदिवासी विद्यार्थी नाशिकच्या आयुक्तालयाकडे पायी निघाले. नाशिक जिल्ह्यात पोलिसांनी त्यांना अडवलं. पैसे वेळेवर येत नाहीत, बाहेरचा डबा परवडत नाही, हे त्यांचे मुद्दे छापून आले. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. मेस बंद झाली, की पांढरकवड्याहून आलेला आणि नंदुरबारहून आलेला मुलगा दिवसातून दोनदा समोरासमोर बसणं थांबतं. शासन निर्णयात यासाठी रकाना नसतो.

गेल्या जूनमध्ये तो मला मारेगावच्या स्टँडवर भेटला. आता त्याची स्वतःची थोडी पऱ्हाटी आहे, दोन मुलं आहेत. मी त्या मेसचा विषय काढला, माझ्या टेबलाचाही काढला. त्याने "जाऊ द्या भाऊ" म्हणून विषय बदलला. माफ केलं की नाही ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याला वेगळंच काम होतं. लहान बहीण बारावी झाली होती. तिला बाहेरगावी कॉलेजला पाठवायचं होतं आणि त्याने फी, कागद, जातीचा दाखला, वैधता यांतलं काहीच विचारलं नाही.

"तथी तिच्यासोबत जेवाले कोन रायते?"

माझ्या ओळखीतली वणीची एक मुलगी त्या वसतिगृहात तिसऱ्या वर्षाला आहे. मी तिथूनच तिला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "पाठवा न भाऊ, माझ्या खोलीतला एक पलंग रिकामाच हाय." मग थोडं थांबून तिने विचारलं, "पण ते घरी कोलामी बोलतात ना? मला तर एक शब्द येत नाही."

त्याने माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि गाड्यांच्या आवाजापासून लांब, स्टँडच्या मागच्या निंबाखाली जाऊन तिच्याशी बोलत उभा राहिला. यवतमाळची गाडी लागली, सुटलीही. तो अजून बोलत होता.